राज्य स्पर्धेच्या प्लॅटफॉर्मवर चढण्यापूर्वी: गोव्यातील नवख्या पॉवरलिफ्टरसाठी

फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव, कुठल्याही ठिकाणच्या जिममध्ये दोन-तीन वर्षे नेटाने वजन उचलणारे कोणीतरी असतेच, आणि एके दिवशी तिथला ट्रेनर सहज बोलून जातो, "यंदा राज्य स्पर्धेला नाव दे." नाव दिले जाते, शुल्क भरले जाते, आणि स्पर्धेच्या दिवशी लक्षात येते की वजन उचलणे हा या खेळाचा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा पंच, टेबलावर बसून आकडे नोंदवणारे लोक, बारवर प्लेट लावणारे लोडर आणि आपल्या वतीने टेबलाशी जाणारा हँडलर यांच्या हातात असतो. मी आधी खेळाडू, मग लोडर आणि शेवटी पंच झालो. हा क्रम उलटा होता असे आज माझे ठाम मत आहे. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याने पहिली स्पर्धा लोडर म्हणून करावी आणि खेळाडू म्हणून दुसऱ्या स्पर्धेत उतरावे. पुढचे सगळे सांगणे या मताला धरूनच आहे.

पॉवरलिफ्टिंग म्हणजेच वेटलिफ्टिंग हा गैरसमज सुरुवातीला दूर करावा लागतो, कारण गोव्यात तो घरोघरी आहे. 2023 मध्ये आपल्याकडे 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली, तेव्हा अनेकांनी वेटलिफ्टिंग जवळून पाहिले. मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले तेही वेटलिफ्टिंगमध्ये. तो स्नॅच आणि क्लीन अँड जर्कचा, म्हणजे बार डोक्यावर उचलण्याचा खेळ आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठणे), बेंच प्रेस (बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभे राहणे) असे तीन प्रकार याच क्रमाने होतात, प्रत्येकात तीन प्रयत्न मिळतात आणि तिन्हींतील सर्वोत्तम यशस्वी प्रयत्नांची बेरीज म्हणजे टोटल. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. 1981 पासून तो वर्ल्ड गेम्समध्ये आहे. पॅरालिम्पिकमधील पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये फक्त बेंच प्रेस असते आणि त्यात भारताचे नाव आहे: राजिंदर सिंग राहेलू यांनी 2004 मध्ये अथेन्सला कांस्यपदक मिळवले आणि सुधीर यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. घरच्यांना समजावताना ही नावे उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

नाव देण्यापूर्वी स्पर्धा कोणत्या संघटनेची आहे ते पाहावे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ, म्हणजे आयपीएफ, 1972 मध्ये स्थापन झाला आणि भारतात त्याच्याशी संलग्न असलेली संस्था पॉवरलिफ्टिंग इंडिया ही आहे. मात्र या खेळात जगभर अनेक महासंघ आहेत आणि प्रत्येकाचे नियम, गट व विक्रम वेगळे असतात. म्हणून आयोजकांना सरळ विचारावे: येथील निकालावरून राज्याचा संघ निवडला जातो का, आणि तो संघ कोणत्या राष्ट्रीय स्पर्धेला जातो? गुळमुळीत उत्तर मिळाल्यास पदक घरी येईल, पण वाट तिथेच संपेल. या लेखातील नियम आयपीएफच्या पद्धतीचे आहेत.

आधी लोडर व्हा

राज्य स्पर्धेत लोडरची नेहमीच टंचाई असते. आयोजकांना महिनाभर आधी फोन करून "मी दिवसभर प्लेट लावायला येतो" असे सांगितले, तर कोणीही नाही म्हणणार नाही. उलट दुपारचे जेवण आणि एक टी-शर्टही मिळेल.

लोडरला पहिल्यांदा हिशेब शिकावा लागतो. बार 20 किलोचा आणि प्लेट घट्ट धरून ठेवणारे दोन्ही कॉलर अडीच-अडीच किलोचे, म्हणजे रिकामा बार 25 किलोपासून सुरू होतो. लाल प्लेट 25 ची, निळी 20 ची, पिवळी 15 ची. दोन्ही बाजूंना एकेक लाल लावली की 75, दोन-दोन लावल्या की 125, तीन-तीन लावल्या की 175. हे तीन आकडे डोक्यात पक्के बसले की बाकीचे आपोआप जमते. समजा, टेबलावरून 142.5 ची घोषणा झाली. त्यातून 25 वजा केले की 117.5 उरतात, म्हणजे एका बाजूला 58.75. दोन लाल, मग पाच, मग अडीच, मग सव्वा, आणि बाहेरून कॉलर. सर्वांत जड प्लेट आत, हलक्या क्रमाने बाहेर, आणि पहिल्या प्लेटचे तोंड आतल्या बाजूला, बाकीच्यांचे बाहेर, म्हणजे पंचांना बसल्या जागेवरून वजन वाचता येते. एका बाजूचा लोडर सव्वा किलोची प्लेट विसरला तर प्रेक्षकांना कळतही नाही, पण बार उचलणाऱ्याच्या खांद्याला ते लगेच कळते. वजन चुकून कमी लागले आणि प्रयत्न यशस्वी झाला, तर खेळाडूने तेच वजन स्वीकारावे किंवा मागितलेल्या वजनावर पुन्हा प्रयत्न करावा, अशी मुभा नियमांत आहे. पण तोपर्यंत त्याचा अर्धा जोर संपलेला असतो.

यापेक्षा मोठा लाभ असा की दिवसभर प्लॅटफॉर्मवर दोन हातांच्या अंतरावर उभे राहून किमान शंभर प्रयत्न पाहायला मिळतात. प्रयत्न बाद ठरवणारा पंचांचा लाल दिवा का लागला, हे गॅलरीतून कधीच कळत नाही. बारच्या टोकाशी उभे राहिल्यावर कळते. स्क्वॉटमध्ये मांडीचा वरचा पृष्ठभाग, नितंबाच्या सांध्यापाशी, गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली जायला हवा. जिमच्या आरशासमोर सगळ्यांनाच आपण पुरेसे खाली जातो असे वाटते. दुपारपर्यंत बाजूने चाळीस स्क्वॉट पाहिलेल्या लोडरला तसे वाटत नाही.

आज्ञा पाळणे

मी पहिल्या राज्य स्पर्धेत स्क्वॉटमध्येच बाद झालो. पहिल्या प्रयत्नात 140 किलो सहज वर आले आणि त्या आनंदात मी मुख्य पंचांच्या आज्ञेआधीच बार स्टँडवर ठेवला. दुसऱ्यांदा आज्ञेकडे इतके लक्ष दिले की पुरेसे खाली जायचेच राहून गेले. तिसऱ्यांदा पायांत काही उरले नव्हते. एका प्रकारात तिन्ही प्रयत्न फसले की टोटल लागत नाही. बाजूचे पंच वयस्कर होते, नंतर चहाच्या टेबलाशी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "अरे बाबा, वजन तुझ्यासाठी हलकेच होते. तू आमच्याकडे बघितलेच नाहीस."

आपण घरी मराठी वाचतो, बाजारात कोकणी बोलतो आणि जिममध्ये हिंदीत आकडे मोजतो, पण प्लॅटफॉर्मवरच्या आज्ञा इंग्रजीतच येतात आणि त्या मोजून सहा आहेत. स्क्वॉटला "स्क्वॉट" आणि "रॅक", म्हणजे बार स्टँडवर ठेव. बेंचला "स्टार्ट", "प्रेस" आणि "रॅक". डेडलिफ्टला फक्त "डाऊन". स्क्वॉट आणि डेडलिफ्टच्या आज्ञांबरोबर पंचांच्या हाताचा इशारा असतो, त्यामुळे सभागृहात कितीही गोंगाट असला तरी नजर समोर ठेवणाऱ्याची चूक होत नाही. स्पर्धेआधीचे किमान सहा आठवडे, प्रत्येक जड सेटला एखाद्या मित्राला समोर उभे करून त्याच्याकडून या आज्ञा मोठ्याने द्यायला लावाव्यात, आणि त्याला सांगून ठेवावे की मधूनमधून मुद्दाम उशीर कर. बेंचवर बार छातीला टेकून स्थिर झाल्याखेरीज "प्रेस" मिळत नाही; ही वाट पाहण्याची सवय नसेल तर जिममधला आकडा स्पर्धेत पाच-दहा किलोंनी खाली येतो.

बेंचबाबत आणखी एक गोष्ट नीट पाहावी. 2023 पासून असा नियम आहे की बार छातीवर असताना दोन्ही कोपरांची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यायला हवी. पाठीची कमान खूप मोठी करून आणि हात खूप रुंद धरून बार दोन-तीन इंचच हलवणाऱ्यांसाठी हा नियम आला. दोन्ही हातांच्या तर्जनींमधले अंतर 81 सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, ही मर्यादा पूर्वीपासूनच आहे. डोके, खांदे आणि नितंब बाकावर आणि पावले जमिनीवर टेकलेली असावीत. डेडलिफ्टमध्ये बार मांडीवर टेकवून वर सरकवला किंवा वरून सोडून दिला की लाल दिवा लागतो. दोन्ही हातांनी धरून तो खाली आणावा.

तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे पुरेसे असतात. लाल दिवा लागल्यास पंच कारणाचे रंगीत कार्ड दाखवतात. ते पाहणे हँडलरचे काम आहे, खेळाडूचे नव्हे. पंचांशी वाद घालू नये. कारण शांतपणे विचारल्यास बहुतेक पंच सांगतात.

वजन, पोशाख आणि पेज

खेळाडूंच्या शरीराचे वजन घेण्याची वेळ गट सुरू होण्याच्या दोन तास आधी सुरू होते आणि दीड तास चालते. बंद खोलीत, महिलांचे वजन महिला पंच आणि पुरुषांचे पुरुष पंच घेतात. त्याच वेळी तिन्ही प्रकारांचे पहिले प्रयत्न आणि रॅकची उंची लिहून द्यावी लागते. ही उंची स्पर्धेच्या रॅकवर उभे राहून, त्याच बुटांत, आधीच मोजून घ्यावी. जिममधला आकडा इथे उपयोगाचा नसतो.

पहिल्या स्पर्धेसाठी वजन घटवू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. 74 किलोच्या वजनगटासाठी 76 वरून उतरण्यापेक्षा 83 च्या गटात पोट भरून उभे राहणे शहाणपणाचे आहे. वजन घेतल्यापासून पहिल्या स्क्वॉटपर्यंत दोन तासही नसतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत घाम काढून शरीर कोरडे केलेला माणूस तेवढ्यात सावरत नाही. ज्याला अर्धा-पाऊण किलोच कमी करायचे आहे त्याने आदल्या दिवशी खारे कमी करावे आणि जेवण हलके ठेवावे, तेवढे पुरते. लघवी वाढवणारी गोळी मात्र कोणी आग्रह केला तरी घेऊ नये; त्याचे कारण पुढे आहे. वजन झाल्यावर काय खावे, यावर जिममध्ये मोठमोठ्या चर्चा होतात. माझ्या डब्यात इतकी वर्षे उकड्या तांदळाची पेज, मीठ, लोणच्याची फोड आणि दोन केळी असतात. पेजेने पाणी, मीठ आणि पिष्ट एकदमच मिळते आणि पोट जड होत नाही. नुसत्या पेजेवर भागत नसेल तर उकडलेली अंडी आणि पोळी घ्यावी. बांगड्याचे हुमण स्पर्धा संपल्यावर.

क्लासिक प्रकारात, म्हणजे आधार देणाऱ्या सूटशिवाय, साध्या सिंगलेटमध्ये, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या एकसंध पोशाखात उचलायचे असते. बेल्ट 10 सेंटीमीटर रुंद आणि 13 मिलिमीटर जाड यापेक्षा मोठा नसावा. गुडघ्याचे स्लीव्ह 7 मिलिमीटर जाडीपर्यंत. मनगटाचे पट्टे एक मीटर लांबीपर्यंत. डेडलिफ्टसाठी नडगी झाकणारे लांब मोजे सक्तीचे आहेत आणि नवखे खेळाडू सर्वांत जास्त हेच विसरतात. सभागृहाच्या जवळ क्रीडा साहित्याचे दुकान नसेल तर शाळेच्या गणवेशाच्या दुकानातले लांब मोजेही कामाला येतात. फक्त ते गुडघ्यापर्यंत पोचू नयेत. सिंगलेटखाली टी-शर्ट घालावा. हाताला मॅग्नेशियमची पावडर आणि मांडीला टाल्कम चालते, तेल किंवा मलम चालत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत बेल्ट, स्लीव्ह आणि सिंगलेट मान्यताप्राप्त यादीतलेच असावे लागते, म्हणून खरेदी करतानाच यादी पाहावी. एकदा स्वस्तात घेऊन पुन्हा घ्यायची वेळ येऊ नये.

हँडलरचे आकडे

हँडलर म्हणजे तुमच्या वतीने टेबलाशी जाणारा माणूस. तो बलवान नसला तरी चालेल, हिशेबात पक्का हवा. प्रत्येक प्रयत्नानंतर एका मिनिटात पुढचे वजन कळवावे लागते. मिनिट टळले तर यशस्वी प्रयत्नानंतर अडीच किलो आपोआप वाढतात आणि फसल्यास तेच वजन राहते. एकदा फसलेल्या वजनाच्या खाली येता येत नाही, म्हणून पहिला प्रयत्न किती ठेवायचा याला एवढे महत्त्व आहे. झोप नीट झाली नाही, कदंब बसमधून दोन तास उभ्याने यावे लागले, तरीही जो आकडा तिनदा उचलता येईल तो पहिला प्रयत्न. जिममध्ये एकदाच 150 चा स्क्वॉट मारलेल्याने 135 ने सुरू करावे, दुसऱ्याला 145 घ्यावे आणि तिसऱ्याला परिस्थिती पाहून 150 किंवा 152.5. जवळच्या माणसाने "150 पासूनच चालू कर, सगळे बघत राहतील" असे म्हटले तर त्याला गॅलरीत बसवावे.

वॉर्मअपचा हिशेबही हँडलरनेच ठेवावा. बार एका फेरीत कमी वजनाकडून जास्त वजनाकडे जातो आणि प्रत्येक प्रयत्नाला साधारण एक मिनिट लागते. आपला खेळाडू फेरीत आठवा असेल, तर फेरी सुरू झाल्यावर त्याच्याकडे सात-आठ मिनिटे आहेत, म्हणजे शेवटचा वॉर्मअप फेरी सुरू होता होता व्हावा. 135 च्या पहिल्या प्रयत्नासाठी 60 ने पाच वेळा, 80 ने तीन वेळा, 100 ने दोन वेळा, मग 115 आणि 125 एकेकदा; यापेक्षा जास्त करणारा आपली शक्ती मागच्या खोलीतच ठेवून येतो. "बार तयार आहे" अशी घोषणा झाल्यापासून प्रयत्न सुरू करायला एक मिनिट असते; तेवढ्या वेळात बेल्ट शोधत फिरायची वेळ येऊ नये.

हँडलरची खरी परीक्षा तिसऱ्या डेडलिफ्टला होते, कारण तिथे वजन दोनदा बदलता येते. समजा, प्रतिस्पर्ध्याचे तिन्ही प्रयत्न झाले असून त्याची टोटल 502.5 आहे आणि आपल्या खेळाडूची स्क्वॉट-बेंचची बेरीज 280. मग 222.5 उचलले की बरोबरी होते. बरोबरी झाल्यास ज्याचे शरीराचे वजन कमी, तो पुढे. म्हणून आपला खेळाडू हलका असेल तर 222.5 पुरते, जड असेल तर 225 मागावे लागते. सकाळी वजन घेताना प्रतिस्पर्ध्याचा आकडा टिपून ठेवणारा हँडलर इथे अडीच किलो वाचवतो. हे सगळे खेळाडूला सांगू नये. त्याला फक्त "चल" म्हणावे.

औषधे

संलग्न स्पर्धेत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, चाचणी घेऊ शकते, आणि 2022 पासून याविषयी स्वतंत्र कायदाही आहे. नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "जिममधल्या डब्यात काय होते ते मला माहीत नव्हते" हे उत्तर चालत नाही. जाणूनबुजून केलेल्या पहिल्या गुन्ह्यासाठी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. स्टेरॉइडविषयी सगळ्यांना ठाऊक असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सदासर्वकाळ बंदीत आहेत आणि सर्दीच्या काही औषधांतल्या स्यूडोएफेड्रिनवर स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आपण स्पर्धा खेळतो हे सांगावे. आजारासाठी असे औषध खरोखरच लागत असेल, तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधीच करता येतो.

राष्ट्रीय स्पर्धेकडे आणि टेबलाच्या पलीकडे

राज्याच्या संघात निवड झाली तर प्रशिक्षक एक आणि खेळाडू अनेक, अशी स्थिती असते. गोव्याचा संघ लहान असतो, म्हणून सगळ्यांनी एकमेकांचे हँडलर होणे भाग पडते, आणि लोडरचे काम शिकलेल्याला इथे मान मिळतो. मडगावहून रेल्वेने निघताना बेल्ट, सिंगलेट, मोजे आणि बूट हातातल्या पिशवीत ठेवावेत. तिथे गट मोठे असतात, थांबणे लांबते, आणि सभागृह आपल्या ओळखीचे नसते; वजनाची खोली, वॉर्मअपची जागा आणि टेबल हे आदल्या संध्याकाळी चालून पाहावे.

काही वर्षे खेळल्यावर ज्याला पुढाकार घ्यायचा असेल त्याने पंचांच्या परीक्षेला बसावे. लेखी परीक्षेत नियम येतात, प्रत्यक्ष परीक्षेत दिवे. माझ्या मते राज्यातल्या महिला खेळाडूंनी हे आवर्जून करावे, कारण वजन घेण्यासाठीच दोन महिला पंच लागतात आणि आयोजकांना त्या मिळवताना धावपळ होते. स्पर्धा भरवायची असेल तर वजनकाटा तपासून घ्यावा, प्रत्येक प्लेट त्या काट्यावर एकदा तरी ठेवून पाहावी, डॉक्टर हजर ठेवावा, आणि लोडर पाचच्या दोन तुकड्यांत नेमावेत. एकच तुकडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबली की चौथ्या तासानंतर सव्वा किलोची प्लेट हमखास राहते.

शेवटचे काम बारचे. गोव्याच्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, घाम आणि पावडर लागलेला बार रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यावर तांबूस पूड दिसते. बक्षीस समारंभ चालू असतानाच दोन लोडरनी बार आडवा ठेवून खरखरीत भाग नायलॉनच्या ब्रशने घासावा, कोरड्या फडक्याने पुसावा, यंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब चोळून पुन्हा पुसावे आणि बार पिशवीत घालावा. कॉलर दोन्ही मोजून घ्यावेत. टेम्पोत प्लेट चढवताना सव्वा किलोच्या प्लेट वेगळ्या डब्यात ठेवाव्यात, त्याच सर्वांत आधी हरवतात.